पाठीची शिवण

तिने बाही खांद्यापासून पुन्हा उसवली आणि कात्री टेबलावर टाकली. टाकली कसली, आदळलीच. आतल्या खोलीत मास्तर, म्हणजे तिचा नवरा, पडून होते. त्यांना आवाज गेलाच असणार. कात्री आदळणाऱ्याने शिवणकामाच्या वाटेला जाऊ नये, असं जन्मभर म्हणत आलेला माणूस. पण आज आतून चकार शब्द आला नाही, आणि तिला तेच जास्त लागलं.

कोट लोकरीचा, गर्द हिरवा. लाकडी पुतळ्यावर तो शहाण्या मुलासारखा सरळ खाली पडत होता. शेजारच्या भिंतीवर जुन्या चित्राचा मोठा फोटो लावलेला. त्यात दोनेकशे वर्षांपूर्वीचे कुणी बडे गृहस्थ खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे होते. मूळ कोट कसर लागून कधीच संपला होता, आणि संग्रहालयाला तो चित्रावरून हुबेहूब हवा होता, अगदी चुणीला चूण. आणि चुण्यांनीच तर जीव खाल्ला होता. चित्रात छातीवरचं कापड खाली यायचं सोडून दोन्ही कुशींकडे पळत होतं. कॉलरची पानं खांद्यांवर सपाट लोळत होती. तिने कापड जड घेऊन पाहिलं, अस्तर बदललं, उभ्याआडव्या सगळ्या कापांनी डोकं फोडून घेतलं. कोट काही ऐकेना.

काम दोघांनी मिळून घेतलं होतं. कापायचं मास्तरांनी आणि शिवायचं तिने, हे लग्नापासूनचं. मास्तरांनी कोट बेतला, कापला, आणि एका सकाळी खाली पडलेला खडू उचलायला वाकले ते तिथेच कोसळले. उजवं अंग गेलं. पुढे डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावून स्वच्छ सांगितलं, हे आता उठायचे नाहीत, मनाची तयारी ठेवा. ती कसली तयारी ठेवतेय! आत येऊन नवऱ्याला म्हणाली, वेळ लागेल म्हणालेत. आणि कोटाची पाठीची शिवण तिने मुद्दाम कच्च्या टाक्यांवर ठेवली. मास्तर उभे राहतील, कोट नजरेखालून घालतील, मगच ती पक्की होईल. संग्रहालयातल्या बाई विचारायच्या तेव्हा तिचं एकच उत्तर असे, मास्तर उठले की देते. बाई भल्या, थांबत होत्या.

त्याच बाईंनी एक डबा पाठवला होता. चित्रातल्या गृहस्थांच्या घरची शिवणाची जुनी हत्यारं त्यात होती. कुठलं काय कामाचं, ते मास्तरांनी सांगावं, म्हणजे तेवढाच त्यांचाही वेळ जाईल. कोटावरचा राग गिळून ती डबा घेऊन आत गेली आणि पलंगावर त्यांच्याजवळ बसली. मास्तर एकेक वस्तू डाव्या हाताने चाचपत होते. बोलणं अडखळत होतं, ओळख अडखळत नव्हती. हा हाडाचा टोचा, भोकं पाडायचा. हे वरून उघडं अंगुस्तान शिंप्याचं, कारण शिंपी सुई बोटाच्या टोकाने नाही, बाजूने ढकलतो. मग एक चांदीची जाडजूड सुई निघाली. तिच्या एका टोकाला इवलासा चमचा होता.

"कान कोरायचा," मास्तर म्हणाले.

ती हसली. किती दिवसांनी, देव जाणे. चेष्टा पुरे, म्हणाली. पण ती चेष्टा नव्हती. दोऱ्याचं टोक फुटू नये म्हणून पूर्वी कानातला मळ लावायचे, मेणाची बचत. ती शी म्हणाली. मास्तरांचं अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं.

त्या हसण्याच्या भरात तिने कोटाचं रडगाणं गायलं. मास्तर ऐकत राहिले आणि म्हणाले, आण इकडे, घाल माझ्या अंगात. त्यांची पद्धतच होती ती. आपल्या मापाचा कोट स्वतः घालून बघितल्याशिवाय ते बोलायचे नाहीत, आणि हा नेमका त्यांच्या मापाचा होता. ती म्हणाली, उठल्यावर घालू.

"आत्ता घाल."

पडलेल्या माणसाला कोट घालणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. उजवा हात लाकूड झालेला, पाठ उचलता उचलेना. ती घामाघूम झाली. शेवटी मास्तरांनीच सुचवलं, पाठ उसव, कच्चीच तर आहे. तिचा हात घुटमळला, पण तिने टाके ओढले. कोटाचे दोन भाग झाले. एकेक बाही तिने समोरून सरकवली, कापडाच्या कडा त्यांच्या अंगाखाली खोचल्या आणि मागे सरून पाहिलं.

छातीवरचं कापड कुशींकडे गेलं होतं. कॉलरची पानं खांद्यांवर सपाट लोळत होती. चुणीला चूण. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"जमलं?" मास्तरांनी विचारलं.

"अजून नाही."

"फोटो आण."

तिने आणला, त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. मास्तरांनी फोटो पाहिला, मग मान खाली घालून स्वतःची छाती पाहिली, मग पुन्हा फोटो.

"हा उभा नव्हता," ते म्हणाले.

"उभाच आहे की. खुर्ची धरलीय."

"खुर्ची चित्रकाराची. हा गेला होता तेव्हा. नाहीतर असाच पडून होता." ते दम घ्यायला थांबले. "घरच्यांनी सांगितलं असेल, उभा करा. त्यानं केला."

डॉक्टर म्हणालेत, असं ती सुरू करणार होती, तोच त्यांचा डावा हात तिच्या मनगटावर आला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या मास्तरांशी कसं वागायचं ते तिला येत होतं.

"तूही मला पुष्कळ उभं केलंस," ते म्हणाले. "आता पुरे. माझे सदरे आण. सगळे पाठीतून काप. रोज घालताना मरतेस तू."

ती उठली. काहीतरी खोटं बोलावं असं मनात घेऊन कपाटापाशी गेली, आणि सदरे काढून घेऊन आली. सगळे सदरे तिनेच शिवलेले, त्यांनी कापलेले. पहिला सदरा मांडीवर पालथा घालून तिने पाठीचा मध्य काढला आणि कॉलरपासून खालपर्यंत सरळ कात्री चालवली. रडू आलं, तेही तिने तसंच येऊ दिलं. टिपं सदऱ्यावर पडली. मग कापलेली कड तिने बोटांत धरली.

"अहो, कडेला दुमड घालू?" तिने विचारलं.

"घाल," मास्तर म्हणाले. "चांगली घट्ट घाल. बरेच दिवस वापरायचेत."