चार बोटं मागे

भिंगवालीने काकांच्या लेन्सची मागची कडी सोडवली, आतला काचेचा गाभा अलगद ओढून काढला आणि दिव्याखाली तिरका धरला. पितळेवर टाचणीने कोरलेली तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. अक्षर तिचंच होतं. हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख कोरायची, ही तिच्या वडिलांची शिस्त. वडील याच दुकानात चष्मे आणि कॅमेरे दुरुस्त करायचे. तेव्हापासून गल्लीने तिला भिंगवाली करून टाकलं होतं. खरं नाव आता तिच्या बँकेलाच ठाऊक असेल.

काउंटरच्या पलीकडे काका स्टुलावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे चेहरे टिपले होते. आज ते दुरुस्तीला आले नव्हते. कॅमेरा आणि लेन्स एकदा पुसून दे आणि कुणी होतकरू भेटलं की त्याला देऊन टाक, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डोळे गेले, विषय संपला.

तिने विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का. दाखवलं, म्हणाले. डॉक्टर म्हणतो डोळे ठणठणीत आहेत. त्याला काय, तक्त्यावरची अक्षरं वाचून दाखवली की तो खूश. माणसाचा चेहरा म्हणजे काय तक्ता आहे?

भिंगवालीला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. त्या तारखेमागे एक गोष्ट होती आणि ती काकांना माहीत नव्हती.

लेन्स होती जुनी रशियन, कॅमेरा दुसऱ्याच मुलखातला. दोघांची मापं केसभर वेगळी. लांबचा डोंगर काढा, काही बिघडत नाही. पण माणूस हाताच्या अंतरावर आला की भांडण सुरू. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघता येत नाही. वरच्या छोट्या खिडकीत एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकावर एक बसवायच्या, की अंतर जुळलं. काकांच्या खिडकीत डोळे अगदी जुळणार आणि फोटोत मात्र स्पष्ट येणार चार बोटं मागचं. तीन वर्षांपूर्वी काकांनी लेन्स फक्त जड फिरते म्हणून आणली होती. हिने जुनं वंगण काढलं, नवं भरलं, आणि मग हिला राहवलं नाही. कागदासारखी पातळ एक पितळी चकती कापून तिने काचेच्या गाभ्यामागे बसवली आणि चार बोटांची तूट मिटवून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. काकांच्या आपोआप लक्षात येईल, एक दिवस ते येऊन पाठ थोपटतील, असं तिला वाटलं होतं. ते आलेच नाहीत. दोनच महिन्यांत काकू गेल्याचं आणि काकांनी काम सोडल्याचं मात्र कानावर आलं.

काकांनी पिशवीतून एक कागद काढून काउंटरवर ठेवला. छत्तीस छोटे फोटो, सगळे काकूंचे. शेवटच्या महिन्यातले.

"बघ. मग सांग डोळे आहेत का."

तिने भिंग डोळ्याला लावलं. काकू पलंगावर, काकू उशीला टेकून, काकू हातात वाटी घेऊन. वाटीची कड लख्ख, चेहरा धुक्यात. पांघरुणाचा धागा न् धागा मोजावा असा, आणि डोळे नुसते काळसर डाग. काका सांगत होते, ती समोर होती, आणि मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पस्तीस वर्षं गावभरचे डोळे टिपले, घरच्या दोन डोळ्यांना मुकलो. हे ते रडत सांगत नव्हते, म्हणून ऐकवत नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं. भिंगवालीला आधी आपली चकतीच आठवली. पाण्याचा ग्लास काकांच्या पुढे सरकवून तिने लेन्स परत जोडली, कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्मच्या जागी दुधी काच बसवली आणि टेबलावर मोजपट्टी तिरकी मांडली. खिडकीत पन्नासचा आकडा जुळवला. दुधी काचेवरही पन्नासच लख्ख होता, ना एकोणपन्नास ना एक्कावन्न. तीनदा पाहिलं. चकतीचं काम चोख होतं.

तिचा जीव भांड्यात पडला, पण घटकाभरच. लेन्स बरोबर, तर फोटो का चुकले? ती पुन्हा कागदावर वाकली. डोळे अधू झालेला माणूस कधी पुढे चुकेल, कधी मागे. इथे चुकलेला प्रत्येक फोटो एकाच बाजूला चुकला होता, चेहऱ्याच्या पुढे, आणि दर वेळी तेवढाच. हे डोळ्यांचं काम नव्हतं. आणि खालच्या ओळीत एकच फोटो असा होता, की काकूंच्या पापण्या मोजून घ्याव्यात. काकू त्यात काहीतरी बोलता बोलता थांबल्या होत्या.

हा कसा काय नीट आला, तिने विचारलं.

नशिबाने, काका म्हणाले. त्या दिवशी पलंग सरकवला होता, उभं राहायलासुद्धा जागा नव्हती. भिंतीला पाठ लावून काढला.

भिंगवालीने भिंग खाली ठेवलं. मग कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि समोर बसत म्हणाली, माझा एक काढा. रोल नाही, नुसतंच काढा. काकांनी कुरकुर केली, पण कॅमेरा हातात आल्यावर त्यांची बोटं आपसूक कामाला लागली. कॅमेरा डोळ्याला, लेन्स थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग स्थिर. आणि बटण दाबायच्या अगोदर त्यांचे खांदे हळूच मागे गेले. चार बोटं.

"काका, आत्ता मागे का सरलात?"

"कोण, मी?"

मग ते स्वतःशीच हसले. अगं, ती लेन्स तशीच आहे, म्हणाले. पहिल्या वर्षी सगळ्यांचे कान झकास यायचे. एका नवरदेवाने विचारलं होतं, काका, माझ्या कानांचं स्थळ बघताय का. मग अंगाला सवय लावून घेतली. जुळवायचं आणि तेवढं मागे व्हायचं. आता ते मी करत नाही, ते होतं.

म्हणजे चूक लेन्समध्ये होती, तोवर ती काकांच्या पाठीने सांभाळून घेतली होती. हिने लेन्स सुधारली आणि पाठीला कुणी कळवलंच नाही. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. भिंगवालीचे कान तापले. तिचा हात स्क्रू-ड्रायव्हरवर गेला. दोन मिनिटांचं काम होतं. पुसते म्हणून आत न्यायची, चकती काढून खिशात टाकायची, की काकांचे फोटो उद्यापासून पूर्ववत. डोळे परत आले म्हणून ते पेढे वाटतील, आणि हिचं नावसुद्धा निघणार नाही. पण समोर तो कागद होता. चकती गुपचूप काढली, तर ते पस्तीस फोटो कायमचे काकांच्याच माथी राहणार होते.

तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि सांगितलं. चकती, तारीख, न विचारता केलेला शहाणपणा, सगळं. सांगताना ती काकांकडे बघू शकली नाही, मोजपट्टीवरच्या पन्नासकडे बघत राहिली.

काकांनी कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"विचारायचं होतंस गं."

"हो."

त्यांनी कागद जवळ ओढला. काकूंच्या धूसर चेहऱ्यांवरून बोट फिरवत गेले, एकेक ओळ.

"म्हणजे मला ती दिसत होती."

"दिसत होती, काका. प्रत्येक वेळी डोळ्यांवरच जुळवलं होतंत तुम्ही."

काकांनी मान हलवली. रुमाल काढला, पण चष्माच पुसला. ती म्हणाली, आत्ता चकती काढते, लेन्स होती तशी करून देते. काकांनी कागद घडी न घालता पिशवीत सरळ ठेवला, उठले, आणि स्टूल फरफटत कपाटाशेजारच्या भिंतीपाशी नेलं. बसले. पाठ भिंतीला लावली, खांदे लावले, मग डोकंही मागे टेकवलं.

"रोल आहे का एखादा?"

तिने खणातून रोल काढून कॅमेऱ्यात भरला. टोक दोनदा निसटलं. मग ती समोर जाऊन बसली. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, लेन्स थोडी डावीकडे फिरवली, थोडी उजवीकडे. त्यांचे खांदे मागे जाऊ पाहत होते, ते तिला दिसलं. भिंतीने ते जाऊ दिले नाहीत.