येळवशीची भूक

"वाढा, वाढा! हात आखडू नका. आमच्या सूनबाईचं पोट म्हंजे कणगी हाय कणगी!" गुरुपादप्पांनी कोपीच्या दारातून आवाज दिला, आणि महानंदाच्या ताटात बाजरीचा आणखी एक उंडा पडला.

कडब्याच्या कोपीसमोर जेवायला बसलेली माणसं हसली. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर भागात घराघराला कुलूप लागतं आणि अख्खं गाव रानात जेवतं. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही हाताला धरून पंगतीत बसवायचा आणि कुणाचंही 'नको' ऐकून घ्यायचं नाही, असा रिवाज. भाज्या-डाळींची दाटसर भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील, खीर सगळीकडंच असते. निलंग्याजवळच्या गुरुपादप्पांच्या रानात मात्र पाहुण्यांना एक करमणूकही मिळायची. त्यांची सून किती खाते ते बघायला मिळायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला नवी नवरी कोपीमागं लपून गपागपा खाताना सापडली होती. सासरे रागावले नाहीत, उलट खूश झाले. "खाती तशी राबतीबी," म्हणाले. तेव्हापासून शेजारच्या रानातले सिद्रामप्पा दरवर्षी चारदोन माणसं घेऊन यायचे, पैजा लावायचे. महानंदाही हसायची. न हसून सांगते कुणाला? तिचा चेहरा भरलेला, पण हातपाय पिळाच्या दोरासारखे, शिरा उठलेले. एवढं खाल्लेलं जातं कुठं, हे तिलाही कळत नव्हतं.

ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पातेल्यापाशी उभं राहून पोटात आग पडायची, पण पोरांची पंगत उठल्याशिवाय तिनं कधी एक घास तोंडात टाकला नाही. घरी सासू रत्नम्मा भाकरीची टोपली मोजून वर ठेवायची. महानंदाला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. आपण हावरट आहोत, आपल्यातच काहीतरी ओंगळ आहे, असं तिनं इतकी वर्षं मनाशी धरून ठेवलं होतं. चांगल्या बाईनं असं स्वतःलाच शिव्या देत जगावं, ह्याची चीड येते मला.

यंदाच्या श्रावणात ती चुलीपुढंच चक्कर येऊन पडली. रक्तात साखर भलतीच निघाली. लातूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग मांडीची. चिमटीत नुसती कातडीच येत होती. तपासण्या झाल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं.

"चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे, ताई. ती रक्तातून मेंदूला सारखं कळवत असते, की साठा आहे, काळजी नको. मग मेंदू भूक आवरतो. आणि किती चरबी जाळायची, किती ठेवायची, ते नसांमधून उलट सांगतो. दोघांचं हे बोलणं अखंड चालू असतं. तुमच्या हातापायांवर चरबी धरतच नाही. कळवणार कोण? मेंदूला वाटतं, ही बाई उपाशी आहे."

"आन मी खाल्लेलं?"

"ते ठेवायला जागा नाही. म्हणून ते लिव्हरमध्ये साचतं, रक्तात राहतं. साखर त्यामुळंच वाढली."

महानंदा हळूच म्हणाली, "म्हंजे मी हावरट न्हाई?"

"अजिबात नाही. हा आजार आहे, जन्माचा."

पदर तोंडाला लावून ती हमसून हमसून रडली. सुटल्यासारखं वाटत होतं आणि संतापही येत होता.

मग डॉक्टरीणबाईंनी मुलीची चौकशी केली. शिवानी नववीत होती. अलीकडं तिच्या पोटऱ्यांवर शिरा दिसू लागल्या होत्या आणि ती ताटावरून उठता उठेना. तिला आणून तपासलं, तर तिलाही तेच निघालं. तेल-तूप, गोडधोड अगदी कमी, थोडं थोडं मापात खाणं, भरपूर पळणं, असं पथ्य सांगितलं. "भूक जाईल असं औषध आपल्याकडं सहज मिळत नाही," बाई म्हणाल्या. "भूक राहील. पण आत्तापासून सांभाळलं तर पोरीचं पुढचं बरंच दुखणं टळेल."

नवरा संगमेश्वर परतीच्या एसटीत एवढंच म्हणाला, "घरात कुनाला बोलू नको. पोरीला कोन करंल मग?"

महानंदानं घरात कुणाला सांगितलं नाही. आज येळवशीलाही, पोटात दुखतंय म्हणून दोन घासांवर उठायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिनं नुकताच वाढलेला उंडा ताटातच ठेवला आणि हात धुतला.

"आँ? येवढ्यात?" सिद्रामप्पा हिरमुसले. पण लगेच त्यांची नजर शिवानीकडं गेली. "मग लेकीला बसवा की, अप्पा! आईवर गेली का बघू."

"गेली म्हंजे? शंभर टक्के गेली!" आजोबांनी कौतुकानं नातीला ओढून मधोमध बसवलं. ताटात उंड्यांची रास पडली, वाटीभर खीर, वर तुपाची धार. माणसं सरसावून बसली. पोर सकाळपासून भुकेली होती, आणि एवढी मोठी माणसं तिच्याकडं बघून टाळ्या पिटत होती. तिचे गाल लाल झाले. तिनं हात पुढं केला.

महानंदानं ते ताट उचललं.

टाळ्या थांबल्या. येळवशीला पुढ्यातलं ताट कुणी काढून घेत नाही.

"महानंदा!" गुरुपादप्पा ओरडले. "लक्षुमी हाय ती. ठिव खाली."

"ठिवते मामा. पर आदी ऐका." संगमेश्वर लांबून मान हलवत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुमी खुनवू नका. मी बोलनार हाय."

आणि ती बोलली. अंगात चरबी धरत नाही, मेंदूला उपाशी वाटतं, खाल्लेलं लिव्हरमध्ये साचतं, सगळं बोलली. "मला साखर झालीय. पोरीलाबी ह्योच रोग हाय. इतकी वर्सं तुमी माज्यावर हासलात, मीबी हासले. चुकलंच माजं. हिच्यावर कुनी हासायचं न्हाई."

"अगं, गंमत असती की बाई," सिद्रामप्पा पुटपुटले. "येवढं काय त्यात!"

"गंमत व्हय? मग तुमची नात बसवा हितं. मी पैज लावते."

सिद्रामप्पा खाली बघत धोतराचा काठ चाचपू लागले.

"आगं, मला कामून सांगितलं न्हाईस?" गुरुपादप्पांचा आवाज पार उतरला होता.

"कवा इचारलं तुमी, मामा? नुसतं मोजलं."

महानंदानं रास परत टोपलीत घातली, खिरीची वाटी बाजूला केली. एक उंडा, पळीभर भज्जी आणि पेलाभर आंबील एवढंच ताटात ठेवून तिनं ते लेकीपुढं मांडलं. रत्नम्मा बघत होती. तुपाचं भांडं तिनं उचलून कोपीत नेलं.

पंगत पुन्हा सुरू झाली. शिवानी लहान लहान घास करून जेवली. ताट रिकामं झालं तेव्हा वाढणारी एक पाहुणी सवयीनं टोपली घेऊन तिच्यासमोर वाकली. "घे गं माय, येळवशीला न्हाई म्हनू नये."

उंडे अजून गरम होते. शिवानी त्यांच्याकडं बघत राहिली. पोरीचं पोट अजून किती रिकामं आहे, हे तिथं एकट्या महानंदाला कळत होतं, पण ती मध्ये पडली नाही.

शिवानीनं दोन्ही पंजे ताटावर आडवे धरले.

"न्हाई," ती म्हणाली. वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, आणि पुरुषांच्या पंगतीतल्या माना वर झाल्या. टोपली पुढच्या ताटाकडं सरकेपर्यंत तिनं पंजे काढले नाहीत.