दुधाच्या बिस्किटातला चुरा

नत्थूले सकाळी बरं वाटे अन् संध्याकाळ झाली का त्याचा गळा शिट्टी वाजवे. दवाखान्यात तीन दिवस हेच चाललं होतं. डॉक्टरीणबाई म्हणे दमा आहे. आई म्हणे नजर लागली. मले दोघींचाही राग येत होता.

नत्थू माहा भाऊ, सात वर्साचा. त्याले शेंगदाणा चालत नाही. लहान असताना एका लग्नात चिवड्यातला एक दाणा खाल्ला, तं तोंड सुजून डोळे दिसेनासे झाले, श्वासच बंद पडला. कसाबसा वाचला. तवापासून घरात जवसाचं तेल, अन् नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत कोणाच्या घरचा घास त्याले देत नाही. बाहेरची एकच चीज बिनधोक, आमच्या कारखान्याचं दुधाचं बिस्कीट. हिंगण्याच्या त्या कारखान्यात बाबा पीठ मळायच्या मशीनवर आहे, अन् मी पॅकिंगमध्ये. सातवीत मास्तराच्या अंगावर पाटी फेकली अन् शाळा सुटली, तवापासून. पुड्यावर गाय काढली आहे, मागं लिहिलं आहे: मैदा, साखर, वनस्पती तूप, दूध पावडर. आईले मीच वाचून दाखवलं होतं.

दवाखान्यात भेटाले कोणी रिकाम्या हातानं येत नाही. बिस्किटाचा पुडा आणते. अन् सस्तं म्हून सगळे आमचंच आणत. चार वाजता लोकं येत, नत्थूले चहात बुडवून बिस्कीट चारत, डोक्यावरून हात फिरवून जात. मी रोज पाहत होती, पण माह्या टाळक्यात काही उजेड पडत नव्हता.

शुक्रवारी चुऱ्याचा डबा नेणारी कौसल्या कामावर आली नाही. तुटके बिस्कीट आम्ही त्या डब्यात टाकतो, दुधाचेही अन् मागच्या महिन्यात सुरू झालेले शेंगदाण्याचेही. मले वाटे, चुरा बकऱ्यायले जाते. सुपरवायझर रुपराव मले म्हणे, "ए तिखट, आज तूच नेऊन दे मिक्सरवर."

मी नेला. बाबानं डबा घेतला अन् सरळ मशीनमधल्या पिठात उलटा केला.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"चुरा टाकून राहिलो. शेठ म्हणते, वाया काहून घालता."

"हे पीठ कायचं आहे?"

"दुधाच्या बिस्किटाचं."

म्या त्याचा हात धरला. "अन् चुऱ्यात शेंगदाणा आहे ना! नत्थू तेच खाऊन राहिला तिकडे!"

"हळू बोल वं, शेठ आत बसला आहे. मूठभर असन. एवढ्या भट्टीतून निघते, तिथं लोखंड लाल होते. काय राहीन त्याच्यात?"

"चला माह्यासंग."

"पाळी सुटू दे."

मी एकटीच निघाली. गेटवरचा म्हणे, पास दाखव. म्या त्याच्या दांड्याखालून वाकून पळ काढला. रस्त्यावर एका लुनावाल्याले आडवी झाली.

"काय वं पोट्टे, कोणाचा खून करून पळून राहिली का?"

"होऊन राहिला आहे. चालव लवकर."

त्यानं लुना दामटली. पण लुना ते लुनाच. चढावर मी उतरून ढकलली. दवाखान्यात पोचली तं सव्वाचार होऊन गेले होते.

शेजारची अंजनाबाई खाटेवर बसली होती. कपात बुडवलेलं बिस्कीट नत्थूच्या तोंडाजवळ होतं. म्या हाताले फटका मारला. चहा तिच्या लुगड्यावर उडाला.

"काय वं! माह्या हातचं चालत नाही का आता?"

"मावशे, किती खाल्ले त्यानं?"

"दोन. आवडीनं खाल्ले पोरानं."

नत्थूच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. ओठ जाड झाले होते. शिट्टी सुरू झाली. आईनं डॉक्टरीणबाईले हाक मारली. म्या धापा टाकत सगळं सांगतलं. बाईनं पुडा उलटा करून वाचला.

"यात शेंगदाणा कुठं लिहिलाय?"

"लिहित नाहीत ना! चुऱ्यातून जाते ते कोण लिहिन?"

"दम्याचं इंजेक्शन मी चार वाजताच दिलंय. शेंगदाणा असेल तर दुसरं द्यावं लागेल, आणि एकावर एक ते याच्या काळजाला सोसेल का, हा प्रश्न आहे. अंदाजानं नाही देणार मी. तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं."

"पीठ कोण मळतं?"

तवाच बाबा दारातून आत आला. मागं रुपराव. त्यानंच मोटरसायकलवर आणलं होतं. बाबाच्या हातात चार पुडे होते.

"शेठनं पाठवले पेशंटसाठी," रुपराव म्हणे. "अन् बाई, या पोरीचं ऐकू नका. डोक्यानं गरम आहे. आमचा माल एकदम शुद्ध. काय चंपतराव?"

बाबानं नजर पुड्यावर नेली. नत्थू बसायचा प्रयत्न करून राहिला होता, गळ्याखालचा खड्डा आत-बाहेर होत होता, ओठ निळे पडले होते. आईनं त्याले पाठीमागून धरलं होतं.

"बाबा, सांगा ना!" मी ओरडली. सगळा वॉर्ड आमच्याकडे पाहू लागला. "सांगा, नाहीतं मी इथंच तुमचं नाव घेऊन सांगते!"

"चंपतराव," रुपराव हळूच म्हणे, "उद्या यायचं आहे ना कामावर?"

बाबानं पुडे खाली ठेवले. एक पडला, त्यानं उचलला नाही.

"बाई, शेंगदाणा आहे," तो म्हणे. "महिन्यापासून दुधाच्या पिठात चुरा टाकतो. मीच टाकतो. आजबी टाकला."

डॉक्टरीणबाई धावतच गेली. रुपराव पायऱ्या उतरून गेला, त्याची मोटरसायकल सुरू झालेली ऐकू आली. सुई टोचली तवा नत्थू रडलाही नाही, रडाले श्वास पाहिजे ना. बाई त्याची नाडी धरून बसली. आम्ही फक्त ते लेकरू पाहत होतो. किती वेळ गेला, मले सांगता येत नाही. मग शिट्टी बारीक झाली, मग तुटक झाली. ओठाचा निळा रंग जाऊ लागला.

"आजची रात्र पाहू," बाई म्हणे. "ते बिस्कीट याच्या जवळ येऊ देऊ नका."

आईनं एकदाही बाबाकडे पाहिलं नाही. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता, अंगावर कारखान्याचं पीठ, बोटांच्या नखांतही पीठ. त्याले जवळ यायचं होतं. आईनं सरकून नत्थूले आपल्या बाजूले ओढलं.

नत्थूनं डोळे उघडले. बाबा दिसला तसा हात पुढं केला.

"बाबा, बिस्कीट दे."

बाबानं दोन्ही हात पाठीमागं नेले.