बिनवासाची बाई

वास काही जाईना. ताईंनी मनगट बिनवासाच्या साबणाने घासलं, मग भांड्यांच्या घासणीने लाल होईस्तोवर घासलं. खांद्याने कानाशी दाबून धरलेला फोन चालूच होता.

"ताई, ऐकताय ना? आई पिलांना जवळच घेत नाहीये. गार पडायला लागलीत सगळी."

"निघालेच मी. तोवर उबेत ठेव त्यांना."

आई म्हणजे प्रयोगशाळेतली उंदरीण, आणि पिलं तिच्या पोटची असून तिची नव्हती. जिवंत उंदरांबरोबर रोगराई येते, म्हणून परदेशातून गोठवलेले भ्रूण द्रव नायट्रोजनच्या टाकीत घालून विमानाने आणले होते. तिकडे उंदरांची ती जात संपलेली. इथे वितळवताना बरेच भ्रूण गेले, तगलेले हिच्या पोटात ठेवले. आता ही पिलं गेली की जातच गेली.

ताई कालच या उंदरांच्या देखभालीतून निवृत्त झाल्या होत्या. उभ्या नोकरीत त्यांनी पावडर, सुवासिक तेल, अत्तर कशाला म्हणून हात लावला नाही. परक्या वासाने बिथरलेली उंदरीण पिलं खाऊनसुद्धा टाकते. नव्या संसारात नवऱ्याने हौसेने अत्तराची बाटली आणली, तर या म्हणाल्या, "नोकरी सुटली की लावीन."

"तोवर म्हातारी होशील गं!" तो हसला होता.

म्हातारपण आलं, बघायला तो राहिला नाही. आज रिकाम्या घरात त्यांनी बाटली उघडली. अत्तर आटून तळाला गेलं होतं. थेंबभर मनगटाला लावलं आणि आता हे कुणाला दाखवावं ते न कळून नुसत्या बसून राहिल्या. तेवढ्यात फोन वाजला. आपल्याला बोलावताहेत म्हणून काय बरं वाटलं त्यांना! मग मनगट आठवलं.

प्रयोगशाळेत त्या आतल्या दाराशीच थांबल्या.

"या ना आत," नवी बाई म्हणाली. फोन तिनेच केला होता; ती त्यांच्याच जागेवर आलेली, हलक्या हाताची.

"अत्तर लावलंय मी." सांगताना त्यांना चोरी पकडल्यासारखं झालं. "तूच कर. काल व्यायलेली दुसरी आहे ना, तिला जरा बाजूला काढ. तिच्या पिंजऱ्यातल्या भुशात या पिलांना हलकेच घोळव, तिचाच वास लागू दे त्यांना, तिच्या पिलांत मिसळ, मग सोड तिला."

ताई काचेबाहेर उभ्या राहिल्या. हात नुसते शिवशिवत होते. दुसरी आई आली, हुंगत फिरली, कडेला पडलेलं एक पिलू तिने तोंडात उचललं. ताईंचा जीव टांगणीला लागला. तिने ते घरट्यात नेऊन ठेवलं आणि सगळ्यांवर अंग पसरून बसली.

नवी बाई मास्क काढत बाहेर आली. "जमलं, ताई!"

"जमलं की." त्यांना आनंद झाला, आणि त्याच वेळी फार एकटं वाटलं. त्यांचा हात न लागता जमलं होतं.

बाई जवळ आली आणि थबकली. "किती छान वास येतोय! कुठलं हो अत्तर?"

"ह्यांनी आणलेलं."

"चांगली आवड आहे त्यांची."

'आहे'चं 'होती' करावंसं ताईंना वाटलं नाही. "हो," त्या म्हणाल्या, "आहे खरी."

घरी आल्या आल्या त्यांनी सवयीने नळ सोडला, हात पुढे केला, आणि नळ बंद केला.