सांगणारीचं नाव

पौर्णिमाच्या लघुप्रबंधात साठेक तळटिपा होत्या, पण मार्गदर्शक शैला मॅडमच्या लाल शाईचा गोल एकाच तळटिपेभोवती होता. ‘गावातील एका वृद्ध स्त्रीने सांगितल्यावरून’ एवढंच तिथं छापलेलं. समासात मॅडमनी लिहिलं होतं, ‘कोण?’

पौर्णिमा अमरावतीत एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. गाव बाळापूरजवळचं, घरचे शेतकरी. विषय तिनं स्वतः शोधला होता, आपल्या भागातल्या वावरांची, म्हणजे शेतांची, नावं. कोणतं वावर चिंचेचं, कोणतं जोग्याचं, अन् ती नावं कशी पडली. वर्षभर ती गावोगाव हिंडली, म्हाताऱ्या माणसांशी बोलली. प्रत्येकाचं नाव, वय, गाव, मुलाखतीची तारीख तळटिपेत नीट घातली. संदर्भसूची अकारविल्हे लावली. फॉन्ट बदलल्यावर जोडाक्षरं फुटली, तीही एकेक करून सांधली. एवढं करून एका ठिकाणी ती कचरली होती, अन् मॅडमची नजर नेमकी तिथंच पडली.

“बाकी सगळ्यांची नावं आहेत. हिचंच का नाही?” मॅडमनी विचारलं.

“तिला घरात त्रास होईल, मॅडम.”

“असं ती म्हणाली?”

“तिचा भाचा म्हणाला. फोन आला होता त्याचा.”

मॅडमनी चष्मा काढला. “नाव देऊ नका, अशी सांगणाऱ्याची अट असेल तर तसं नोंदवता येतं. ती रीत आहे. पण अट तिची पाहिजे, भाच्याची नाही. तू तिला विचारलंस का?”

पौर्णिमानं तिला विचारलं नव्हतं. नाव गाळताना आपण त्या बाईची काळजी घेतोय, असं तिला वाटलं होतं. खरं तर फोनवर त्या भाच्याचा, गावातल्या सूर्यभानकाकांचा, आवाज ऐकूनच तिनं ते नाव खोडलं होतं.

“सोमवारी प्रत हवी,” मॅडम म्हणाल्या. “तोवर विचारून ये. नाहीतर तेवढा भाग काढून टाक.”

तेवढा भाग काढला असता तर ‘बदललेली नावं’ हे अख्खं प्रकरणच लंगडं झालं असतं. सांगणारी होती गोदाबाई, अन् गोष्ट तिच्या आईची. सूर्यभानच्या आजोबांना दोन बायका. धाकटी तानाबाई, तिची एकुलती लेक गोदाबाई. आजोबांनी तानाबाईला नाल्याकडचं एक वावर तोंडी देऊन टाकलं. गाव त्याला ‘सवतीचं वावर’ म्हणू लागलं. आजोबा गेले, अन् थोरलीच्या लेकानं, म्हणजे सूर्यभानच्या बापानं, ते परत घेतलं. तानाबाई पुढं त्याच वावरात मजुरीनं कापूस वेचत राहिली. घरच्यांनी नाव बदलून ‘बाभळीचं’ केलं, अन् हळूहळू गावही तसंच म्हणायला लागलं. गोदाबाई नवरा वारल्यावर माहेरी परतली होती. आता सत्तरी ओलांडून ती सूर्यभानच्याच घरात, त्याच्याच अन्नावर दिवस काढत होती.

शनिवारी सकाळी पौर्णिमा अकोल्याच्या बसमध्ये बसली. मांडीवर बॅग, बॅगेत ती पानं. मूर्तिजापूरपर्यंत तिनं ती तीनदा बाहेर काढली अन् न वाचताच आत ठेवली. अकोल्याला बस बदलायची होती. बाळापूरची गाडी लागायला वेळ होता, तर तिला एका जागी बसवेना. स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती फेऱ्या मारत राहिली. परत फिरावं, भाग काढून टाकावा, कोणाला काय कळणार आहे, असंही दोनदा मनात येऊन गेलं. गाडी लागली तेव्हा ती सगळ्यांच्या आधी चढली.

सूर्यभानच्या ओसरीत गोदाबाई चिंचा फोडत बसली होती. सूर्यभान बाजेवर पडला होता. पौर्णिमाला पाहून तो उठून बसला.

“काहून आली वं?”

“आजीले भेटाले, काका.”

“भेट. पण त्या पुस्तकाचं काही काढू नको.”

पौर्णिमा आजीजवळ बसली अन् चिंचोके वेगळे करू लागली. बोलणं ऊन-पाण्यावरच चाललं. चहा झाला. सूर्यभान काही हलेना. शेवटी गोदाबाईच उठली, डोक्यावर पदर घेतला अन् म्हणाली, “चाल पोरी, वावरातून चक्कर मारून येऊ.”

चालता चालता पौर्णिमानं सगळं सांगितलं. मॅडम काय म्हणाल्या, नाव कुठं छापलं जाईल, ते पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात राहील अन् कोणीही वाचू शकेल. गोदाबाई बांधावर टेकली.

“नाव नाही देल्लं तं?”

“तं तसं लिहीन, का आजीनं नाव देऊ नको म्हनलं.”

“अन् देल्लं तं?”

“तं काका चिडतीन.”

“चिडंन तं चिडंन. पन संध्याकाळी जेवाले मले त्याच्याच घरी बसा लागते,” गोदाबाई म्हणाली. “तू तं अमरावतीले निघून जाशीन.”

पौर्णिमाचा चेहरा उतरला. तिला माफी मागायची होती, पण कशाची ते नीट सुचेना.

“तुह्यावर नाही चिडून राहिली मी,” गोदाबाई म्हणाली. “मले विचार करू दे. अशी गाडी धरल्यासारखी घाई नको करू.”

पण सोमवार तर गाडीसारखाच येत होता. उत्तर न घेता पौर्णिमा अमरावतीला परतली. रविवारी तिनं दोन तळटिपा लिहून ठेवल्या, एक नावाची, एक बिननावाची. कधी ही चिकटवून बघायची, कधी ती. दर वेळी पानं खालीवर सरकत, अनुक्रमणिकेतले आकडे बदलत, अन् ती पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेई. खोलीतली नीलम म्हणाली, “बस कर आता, फाइल झिजून जाईल.” पौर्णिमाला हसूही आलं नाही.

दुपारी फोन वाजला. सूर्यभानचाच नंबर होता. तिनं उचलला, तर पलीकडून गोदाबाई बोलत होती.

“लिव वं पोरी. गोदावरी, आई तानाबाई. सासरचं नाव नको लावू. वावर आईचं होतं.”

“काका?”

“अठीच उभा आहे. त्याच्याच फोनवरून बोलून राहिली. मी सांगतलं त्याले, चोरून काही नाही केलं.”

मग गोदाबाईचा आवाज जरा खाली आला. “मी उद्या साधनाकडं चालली, वलगावले. लेकीकडं राहीन काही दिवस.”

पुढं काही विचारायच्या आत फोन बंद झाला. पौर्णिमानं नावाची तळटीप घातली. वय, गाव, तारीख लिहिली. सोमवारी प्रत दिली. मॅडमनी ते पान वाचलं, मान हलवली अन् पुढचं उलटलं. काम झालं होतं, पण तिला काही मोकळं वाटेना. एका ओळीनं म्हातारं माणूस घरातून उठलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी त्या तळटिपेबद्दल चकार शब्द काढला नाही. संदर्भसूचीत प्रकाशनाच्या गावानंतर स्वल्पविराम का अपूर्णविराम, यावर मात्र बराच वेळ बोलले.

मे महिन्याच्या अखेरीस सूर्यभान कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला. पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला.

“ते पुस्तक दाखव मले,” तो म्हणाला.

पौर्णिमा त्याला ग्रंथालयात घेऊन गेली. त्यानं ते पान उभ्यानंच वाचलं, बोट ठेवून, हळूहळू. तळटीपही वाचली. मग परत वर गेला.

“माह्या बापाचं नाव नाही याच्यात.”

“नाही. ‘थोरल्या घराने’ एवढंच लिहिलं.”

“काहून?”

“त्याईच्याशी मी कधी बोलली नाही, काका. त्याईची बाजू मले माहीत नाही. जे सांगतलं ते आजीनं सांगतलं, म्हनून नाव आजीचं.”

सूर्यभाननं तळटिपेतल्या नावावर पुन्हा बोट ठेवलं. मग पुस्तक मिटून म्हणाला, “बाजू काही नोती. मी लहान होतो, पन पाह्यलं हाय. ताना आजी आमच्या बांधावर भाकर खाये, घरात येत नसे.” पुस्तक तिच्या हातात देत त्यानं विचारलं, “साधनाचं घर कोठी हाय वलगावात?”

तो एकटा गेला तर भांडण होईल का समेट, हे पौर्णिमाला उमजेना. ती त्याच्यासोबतच बसमध्ये चढली.

साधनाच्या दारात गोदाबाई नातवाला आंघोळ घालत होती. भाच्याला पाहून तिनं तांब्या खाली ठेवला नाही.

“आत्या, घरी चाल,” सूर्यभान म्हणाला.

“अन् वावर?”

“वावराचं मी आत्ताच काही नाही सांगू शकत. घरात पोरं हायेत, त्याईले विचारा लागंन.”

“मंग विचार,” गोदाबाई म्हणाली. “अठी मले कमी नाही. तू विचारून ये, मंग पाहू.” तिनं पोराच्या डोक्यावर पाणी ओतलं. “आता आलाच हायेस तं जेवून जाय. साधना, दोन ताटं वाढ वं.”

सूर्यभाननं चपला काढल्या, पण तो आत जाईना, उंबऱ्याशीच घुटमळत राहिला. शेवटी साधनानंच हातपाय धुवायला त्याच्या हातात पाण्याचा गडू दिला.