दत्तात्रयरावांना घाबरू द्या

मी ब्रोमाइडच्या मिक्श्चरची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका. उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या दवाखान्यात एके काळी माझा केवढा तोरा होता! पोटावर डोसांची कातरलेली कागदी पट्टी, तोंडाला बूच, आणि घोटागणिक काळजी गायब.

छप्पन साली मध्यभारत राज्य मोडून कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कारकून दत्तात्रयरावांची झोपच उडाली. आई अंथरुणाला खिळलेली. उज्जैनलाच राहायचं तर ऑगस्टअखेर कारणासह अर्ज द्यायचा होता. उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला आठवड्यापुरती दिली.

आठवडा कसला! औषध एकदा लागू पडलं की डॉक्टरला विचारतो कोण? रिकामी बाटली कंपाउंडरपुढे ठेवायची, झालं.

"श्रीधरभैया, वही भर दो."

"अभी लो, साहब!"

माझं औषध अंगातून लवकर निघत नाही, साठत जातं. ते पट्टीवर कुणी लिहिलं नव्हतं, आणि मी तरी कशाला सांगू? मला मिरवायचं होतं.

दत्तात्रयरावांच्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या, जीभ जड झाली, चहा घेतला की नाही ते आठवेना. शेजारी म्हणाले, "काय शांत माणूस हो!" भिंतही शांतच असते.

गणपतीत हुकूम आला : भोपाळ. तो वाचून दत्तात्रयराव म्हणाले, "बरं." त्यांच्या पत्नीने, अहल्याबाईंनी, कोटाचे खिसे चाचपले. अर्ज आतच होता, सहीसकट.

डॉक्टर धावत आले. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "चार महिने? बंद करा आधी! मीठ-पाणी द्या भरपूर, साठलेलं औषध धुऊन निघेल."

तीन आठवड्यांनी भर दुपारी दत्तात्रयराव दचकून उठले. "अहल्या! अर्ज राहिला गं! आईला कसं न्यायचं?" आणि ढसाढसा रडले.

अहल्याबाईंनी पदराने डोळे पुसले. "आलात बाई एकदाचे घरी," म्हणाल्या.

आईची खाट भोपाळच्या ट्रकवर चढली त्या दिवशी अहल्याबाईंनी मला दवाखान्यात परत केलं. तिथे माझ्या जागी नव्या पांढऱ्या गोळ्या आल्या होत्या. श्रीधरने पुडी पुढे केली. "भाभीजी, इसकी आदत नहीं पड़ती."

"नको रे भैया. ह्यांना घाबरू दे. घाबरले की कामं तरी करतात."

आता माझ्यात फिनाइल असतं. मला काढलं याचं दुःख नाही, उशिरा काढलं याचं आहे. दवाखान्याच्या मोरीतून मी रोज ऐकते, लोक रिकामी पुडी दाखवून म्हणतात, "वही दे दो." बाबांनो, डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसलेत.