ते आत बसलेत

धम्मदीपनं कॅमेरा आणून शेल्फवर ठेवला तेव्हा द्रौपदीला वाटलं, घरात पाहुणा आला. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, पाणी तरी विचारा त्यांना."

पाहुणा म्हणजे मुठीएवढी पांढरी डबी. मागं बोटाएवढी अँटेना, पुढं काळा डोळा, खाली एक बारका हिरवा दिवा. आमचा धम्मदीप इथं विलायतेत, ब्रॅकनेल गावी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यामुळं असल्या वस्तू त्याच्या हाताला सवयीच्या. त्यानं आधी डबी एका वायरीनं राउटरला जोडली, कॉम्प्युटरवर काहीतरी लिहून तिला घराचा पासवर्ड दिला आणि मग वायर काढून घेतली.

"आता ती हवेतनं बोलते, बाबा. वायरलेस."

"मग ही प्लगची वायर कशाला?"

"करंट तर पाहिजेच ना. तुम्ही पण ना!"

अशा दोन डब्या होत्या. एक पोर्चमध्ये, दाराकडं तोंड करून. तिथं मधल्या जाड भिंतीमुळं चित्र तुटत होतं, म्हणून राउटर खिडकीतून काढून जिन्यावर आणावा लागला. दुसरी फ्रंट रूममध्ये. तो ती बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावायला निघाला होता. मी अडवलं. द्रौपदी सकाळी वंदना झाल्यावर त्या फोटोशी बोलत बसते, तिथं मध्ये कुणी नको. मग डबी समोरच्या भिंतीवर गेली. डब्यांना आवाजही ऐकू येत होता. जे दिसेल ते जिन्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये साठत होतं, आणि धम्मदीपला ऑफिसात बसून बघता येत होतं.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. नोव्हेंबरात मी वर अंघोळीला गेलो असताना द्रौपदी घरातल्या सपाता घालून बाहेर पडली. ईलिंग रोडवरच्या भाजीवाल्या पटेलनं तिला ओळखलं म्हणून बरं. ती मेथीच्या जुड्या उलटसुलट करत उभी होती आणि त्याला विचारत होती, मनमाडची गाडी गेली का? मनमाड सोडून आम्हाला चाळीस वर्षं होत आली.

त्या दिवशी धम्मदीप मला बाजूला घेऊन त्याच्या इथं शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बाबा, अजून एकदा असं झालं तर केअर होमचं बघायला लागेल. मला रोज ऑफिसमध्ये पोटात दुखते."

मी म्हणालो, "मी आहे ना."

"तुम्ही अंघोळ पण करायची नाही का मग?"

म्हणून कॅमेरे.

पहिले काही दिवस फोनचा नुसता मारा होता. मी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला ठेवलं की त्याच्या लहरींनी कॅमेऱ्याचं चित्र जागच्या जागी थिजायचं, आणि लगेच फोन वाजायचा.

"बाबा! आई हलत नाही!"

"अरे, दूध तापवतोय."

"ओ गॉड. सांगत जा ना आधी."

द्रौपदीला मात्र पाहुण्याची सवय झाली. त्याच्यासमोर ती पाय लांब करून बसत नसे. माझ्यावर चिडली तर डबीकडं बघून आवाज खाली आणायची. एकदा तिनं त्याच्यासाठी डबीखालच्या शेल्फवर चहाचा कप ठेवला. मी तो मुकाट्यानं पिऊन टाकला, म्हणजे पाहुण्यानं प्यायला असं तिला वाटावं. तिला बरं वाटलं. मला त्या चहाची चव लागली नाही.

जानेवारीत कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, द्रौपदीला घरी ठेवता येईल का ते बघायला हेलन नावाची सोशल वर्कर आली. स्वभावानं चांगली होती. सोबत इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी बाई होती, ती हिंदी बोलणारी. मराठी कुणी मिळालं नाही म्हणाली. आमची सून मनाली पुण्याची, ती आली असती तर सोपं झालं असतं, पण तिला सुट्टी नव्हती. हेलननं मला हसून सांगितलं, तुम्ही किचनमध्ये बसा, नाहीतर तुम्हीच उत्तरं द्याल. दार लावून घेतलं. मी किचनच्या खुर्चीत बसून राहिलो. आतून काही नीट ऐकू येईना. निघताना हेलननं माझा हात हातात घेऊन धरून ठेवला.

ती कोपऱ्यावर पोचली नसेल तोच धम्मदीपचा फोन. त्यानं ऑफिसातून सगळं पाहिलं होतं.

"बाबा, तिला तुमची नाव माहीत नाही."

"काय?"

"हेलननं विचारलं, नवऱ्याची नाव काय. तिनं सांगितलंच नाही. नुसती हसली." त्याचा आवाज बदलला. "आय ॲम सॉरी, बाबा. तिला ते पण आठवत नसेल तर… मला वाटते आता होमच."

शनिवारी तो आणि मनाली आले. मी म्हणालो, मला दाखव. त्यानं जिन्याखालचा कॉम्प्युटर लावला. पडद्यावर आमचीच फ्रंट रूम वरून दिसत होती, आणि सोफ्याच्या कडेला अवघडून बसलेली द्रौपदी. इतकी लहान दिसत होती. इंटरप्रिटर बाईनं विचारलं, "आपके पति का नाम क्या है?" द्रौपदी हसली. मान खाली घातली. पदर पुढं ओढला. बाईनं पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं किचनच्या दाराकडं हनुवटी केली आणि म्हणाली, "ते काय, ते आत बसलेत."

हेलननं कागदावर काहीतरी लिहिलं.

माझ्या अंगात जीव आला. "अरे येड्या, तिनं लग्न झाल्यापासून माझं नाव कधी तोंडातून काढलंय का? तू इथं वाढलास, तू कधी ऐकलंस?"

धम्मदीप विचारात पडला. "नाही. 'अहो'च म्हणते. किंवा 'ऐकलं का'."

"बायका घेत नाहीत नवऱ्याचं नाव," मनाली म्हणाली. "माझ्या आजीला बँकेत साहेबांनी विचारलं, तर तिनं शेजारणीला सांगायला लावलं होतं. हे त्यांना समजावून सांगावं लागेल."

"समजावलं तर म्हणतील, तुम्ही फॅमिली आहात, तुम्ही असंच म्हणणार," धम्मदीप म्हणाला. "तिनं स्वतः म्हणायला पाहिजे. रेकॉर्ड झालं तर मी हेलनला पाठवतो. दे हॅव टू लुक अगेन."

मी लगेच द्रौपदीपुढं जाऊन बसलो. "अगं, एकदा माझं नाव घे."

"चळ लागला का तुम्हाला या वयात?"

"घे की."

"ते बसलेत ना समोर," तिनं डबीकडं डोळ्यानं दाखवलं. "परक्या माणसासमोर?"

मनाली हसायला लागली. मग एकदम हसायची थांबली. "थांबा बाबा. आई अशा घ्यायच्या नाहीत. दारात अडवल्याशिवाय कोण नाव घेतं?"

रविवारी दुपारी ती द्रौपदीला नवी साडी नेसवून दुकानांकडं फिरवून घेऊन आली. ठरलं तसं धम्मदीप जिन्याखाली कॉम्प्युटरपाशी बसला होता. मी दार उघडून आत उंबऱ्याशी उभा राहिलो. मला तोंड उघडायची बंदी होती. मनाली पुढं होऊन दोन्ही हात चौकटीला लावून आडवी झाली. पोर्चमधला हिरवा दिवा तिच्या डोक्यावर जळत होता.

"नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही, आई."

"सरक गं."

"नाही. घ्या नाव. सगळ्या बायका थांबल्यात."

द्रौपदीनं मागं वळून पाहिलं. मागं रस्ता होता, शेजाऱ्याची लाल गाडी होती. बायका कुणी नव्हत्या. पण तिला दिसल्या असाव्यात, कारण ती लाजली. असं लाजताना मी तिला शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर दोन्ही खांद्यांवर घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"विहाराम्होरं पिंपळ, पिंपळाला पार,
काशीनाथरावांचं नाव घेते, सोडा आता दार."

"यस!" जिन्याखालून धम्मदीप ओरडला. मनालीनं सासूला मिठी मारली. माझे डोळे भरून आले आणि मी पुढं होऊन तिचा हात धरायला गेलो.

तिनं हात मागं घेतला. अनोळखी पुरुषापुढं घेतात तसा, घाईनं. पदर पुढं आला.

"भाऊ, जरा वाट द्या," ती म्हणाली. "ते आत बसलेत. मघापासून वाट बघत असतील."

मनालीनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. मी दारातून बाजूला झालो. मला कॉम्प्युटरवरची ती हनुवटी दिसली, किचनच्या दाराकडं केलेली. त्या दिवशी तिच्या 'ते' मध्ये मी होतो की नव्हतो, हे मला आता कधी कळणार नव्हतं.

धम्मदीप जिन्याखालून बाहेर आला. त्यानंही ऐकलं होतं. सगळं साठलं होतं. तो हातातलं पेन उघडझाक करत राहिला.

"बाबा," तो हळू म्हणाला, "नावापर्यंत ठेवून पुढचं कापता येतं. हेलनला मराठी तर येत नाही. पण सगळं पाठवलं तर ती इंटरप्रिटरला दाखवेल. काय करू?"

मी त्याच्याकडं पाहिलं. माझं पोर पोटात दुखतं म्हणून कॅमेरे घेऊन आलं होतं, आणि आता माझ्यासाठी हे विचारत होतं.

"त्यांनी विचारलं होतं, नवऱ्याचं नाव काय. तेवढंच पाठव."

"शुअर?"

"तेवढंच विचारलं होतं ना?"

तो मान हलवून परत जिन्याखाली गेला. मनाली पिशवीतली भाजी उगाच बाहेर काढून उगाच परत भरत होती.

द्रौपदी फ्रंट रूममध्ये कुणाला तरी शोधत होती. सोफ्यामागं वाकून बघितलं, पडदा सारून बघितला. मग डबीला विचारलं, "तुम्ही पाहिलंत का त्यांना?"

मी मागच्या बाजूनं किचनमध्ये गेलो. त्या दिवशी बसलो होतो त्याच खुर्चीत बसलो आणि पाठ ताठ केली. डोक्यावरून हात फिरवून केस सारखे केले. दार अर्धवट उघडं ठेवलं, म्हणजे तिला आत कुणीतरी बसलेलं दिसेल.

तिची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.